अमेरिकेत एफएनपी करायचंय? आधी विचारा, प्रिसेप्टर कोण शोधणार

अमेरिकेत आर.एन. (नोंदणीकृत नर्स) म्हणून तीन-चार वर्षं फ्लोअरवर काढली की नाइट शिफ्टच्या ब्रेकरूममध्ये एक विषय हमखास निघतो: एनपी, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर, करायचं का? बहुतेकींचा ओढा फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरकडे, म्हणजे एफएनपीकडे असतो. तान्ह्या बाळापासून पंच्याऐंशीच्या आजोबांपर्यंत कुणालाही तपासता येतं, क्लिनिकच्या वेळा बऱ्या असतात आणि नोकऱ्या सगळ्याच राज्यांत आहेत. मग कोर्सची शोधाशोध सुरू होते ती विद्यापीठाचं नाव आणि फी यांपासून, आणि गडबड तिथेच होते. या शिक्षणात पुस्तकी अभ्यासापायी अडकणारे कमी. जास्त जण क्लिनिकलमध्ये, म्हणजे दवाखान्यातल्या प्रत्यक्ष सरावाच्या तासांत, अडकतात. प्रिसेप्टर, म्हणजे तिथे हाताखाली घेऊन शिकवणारा डॉक्टर किंवा एनपी, मिळत नाही, दवाखान्याशी करार वेळेत होत नाही, किंवा त्या विद्यापीठाला तुमच्या राज्यात विद्यार्थी पाठवायची परवानगीच नसते. एक सेमिस्टर गेलं की फीही जाते आणि वर्षही.

म्हणून इथे क्लिनिकल आणि राज्य आधी, फी नंतर.

एफएनपी म्हणजे नक्की काय

१९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने पहिला एनपी कोर्स सुरू केला. तेव्हा तो फक्त लहान मुलांसाठी होता. आज एनपी रुग्ण तपासते, निदान करते, तपासण्या सांगते आणि औषधं लिहून देते. पण सरसकट ‘एनपी’ असं लायसन्स नसतं. २००८ च्या कन्सेन्सस मॉडेलने (अमेरिकेतल्या नर्सिंग संघटनांच्या सहमतीच्या आराखड्याने) सहा वाटा ठरवल्या: फॅमिली, प्रौढ आणि वृद्ध, बालरुग्ण, नवजात, स्त्री-आरोग्य आणि मानसिक आरोग्य. ज्या वाटेचं शिक्षण घ्याल तिचीच परीक्षा आणि तिचंच लायसन्स.

एफएनपी ही प्रायमरी केअरची वाट आहे. आयसीयूत वर्षानुवर्षं रमलेल्या, व्हेंटिलेटर आणि ड्रिप्स आवडणाऱ्या कितीतरी नर्सेस ‘सगळीकडे चालतं’ असं ऐकून एफएनपी घेतात. नंतर हॉस्पिटलमध्ये आयसीयू एनपीची जागा निघते, तेव्हा कळतं की त्यांना अक्यूट केअरचं, म्हणजे गंभीर रुग्णांच्या सेवेचं, सर्टिफिकेट हवंय. पुन्हा वर्ष-दीड वर्षाचा पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट कोर्स आणि पुन्हा क्लिनिकलचे तास. दिवसाला अठरा-वीस रुग्ण, त्यात बीपी, शुगर, खोकला, कंबरदुखी, लसीकरण आणि शाळेचे फॉर्म, हे काम मनापासून चालणार असेल तरच पुढे वाचा.

भारतातही इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स आहे. नाव जवळचं असलं तरी तो क्रिटिकल केअरचा कोर्स आहे. त्याच्या जोरावर अमेरिकेतल्या एफएनपी परीक्षेला बसता येत नाही.

तुमची आधीची पदवी कुठे बसते

अमेरिकेतलं बी.एस.एन. (नर्सिंगची पदवी) आणि चालू, कोणतीही कारवाई नसलेलं आर.एन. लायसन्स हातात असेल तर हा भाग सोडून द्या.

महाराष्ट्रात शिकून आलेल्यांसाठी गणित असं आहे. चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग सहसा बी.एस.एन.च्या बरोबरीचं धरलं जातं, पण ते विद्यापीठाला मान्य असलेल्या संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. जीएनएम डिप्लोमावर एनसीएलईएक्स ही लायसन्सची परीक्षा पास होऊन आर.एन. झाला असाल, तर एफएनपीला थेट प्रवेश बहुधा मिळत नाही. आधी आर.एन. ते बी.एस.एन. करायचं किंवा आर.एन. ते एम.एस.एन. (नर्सिंगची मास्टर्स) असा जोडकोर्स घ्यायचा. जीएनएमवर पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं असेल तर निकाल इव्हॅल्युएशनवर अवलंबून असतो. ते अर्जाच्या सहा महिने आधी करून घ्या, म्हणजे उत्तर प्रतिकूल आलं तरी हातात वेळ राहतो.

कागदपत्रांत आपल्याकडची एक खास अडचण आहे, ती नावाची. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत माहेरचं आडनाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव. अमेरिकन लायसन्सवर मधलं नाव गाळलेलं. अमेरिकन कारकुनाच्या दृष्टीने ही वेगवेगळी माणसं आहेत. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, राजपत्रात नाव बदललं असेल तर त्या पानाची प्रत आणि ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र एकाच पीडीएफमध्ये जोडून ठेवा. हा संच इव्हॅल्युएशन, प्रवेश, बोर्ड परीक्षा (एफएनपीची सर्टिफिकेट परीक्षा) आणि राज्याचं लायसन्स अशा चारही ठिकाणी लागू शकतो. ट्रान्सक्रिप्ट मागवताना आणखी एक बघा: नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं. त्याआधी शिकलेल्यांची पदवी मुंबई, पुणे अशा जुन्या विद्यापीठांची आहे, त्यामुळे अर्ज तिकडेच करावा लागतो.

व्हिसाचंही बघा. एच-४ वर (जोडीदाराच्या एच-१बी वर मिळणाऱ्या व्हिसावर) शिकता येतं आणि बिनपगारी क्लिनिकलही करता येतं. नोकरीसाठी मात्र वर्क परमिट लागतं. भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर यायचं असेल तर ऑनलाइन कोर्स बाद, कारण पूर्णवेळ ऑनलाइन शिक्षणावर एफ-१ मिळत नाही. आणि चालू आर.एन. लायसन्स लागतं ते लागतंच.

एम.एस.एन. की डी.एन.पी.

एम.एस.एन. पार्टटाइम साधारण अडीच-तीन वर्षांत होतं, पूर्णवेळ दोन वर्षांत. बी.एस.एन.वरून थेट डी.एन.पी., म्हणजे नर्सिंगची डॉक्टरेट, तीन ते चार वर्षं घेतं. त्यात पदवीनंतरचे एकूण १,००० प्रॅक्टिस तास आणि एक प्रोजेक्ट असतो. एफएनपीची परीक्षा, लायसन्स आणि क्लिनिकमधलं काम दोन्हींचं सारखंच. पुढे शिकवायचं असेल, मोठ्या संस्थेत प्रशासनात जायचं असेल तर डी.एन.पी. कामाला येतं. नुसतं रुग्ण बघायचे असतील तर आधी एम.एस.एन. करून कमवायला लागा. डी.एन.पी. नंतर करता येतं, तेही बऱ्याचदा नोकरीच्या संस्थेच्या पैशाने. आधीच दुसऱ्या वाटेचं एनपी असाल तर पूर्ण पदवीची गरज नाही, पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट पुरे.

राज्य आधी ठरवा

शिकत असताना तुम्ही कुठल्या राज्यात बसलेले असाल आणि पुढे कुठे काम कराल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरं प्रवेशाआधी लागतात.

ऑनलाइन कोर्स म्हणजे कुठूनही चालतो, हा समज महागात पडतो. राज्याराज्यांतल्या दूरशिक्षणाच्या एनसी-सारा करारात कॅलिफोर्निया नाही. शिवाय त्या करारात असलेल्या राज्यांतही नर्सिंग बोर्डाचे स्वतःचे नियम असू शकतात. बाहेरच्या विद्यापीठाने आपल्या राज्यात विद्यार्थी ठेवायचा तर आधी आमची मंजुरी घ्या, असं म्हणणारी राज्यं आहेत. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्यांनी हे विशेष तपासावं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी असते. ती बघा, पण तिच्यावर थांबू नका, ईमेलवर लेखी उत्तर घ्या. नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जायची शक्यता असेल तर त्या राज्याचंही विचारा. आयटीतल्या घरांत हे सर्रास घडतं आणि कोर्स अर्ध्यात अडकतो.

कामाच्या बाबतीत राज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ॲरिझोना, ओरेगन, वॉशिंग्टन इथे एनपी पहिल्या दिवसापासून डॉक्टरच्या कराराविना काम करू शकते. न्यूयॉर्कमध्ये ३,६०० तासांच्या अनुभवानंतर करार लागत नाही. इलिनॉयमध्ये ४,००० तास आणि वर २५० तासांचं प्रशिक्षण झालं की पूर्ण अधिकार मिळतात. कॅलिफोर्नियाने २०२० च्या कायद्याने टप्पे आखले आणि २०२३ पासून ते अमलात येऊ लागले. टेक्सासमध्ये औषधं लिहायला डॉक्टरसोबत लेखी करार लागतोच. डॅलस-ह्यूस्टनकडे राहणाऱ्यांनी पुढे स्वतःचं क्लिनिक काढायचं स्वप्न बघताना हा खर्च धरावा, कारण करारातला डॉक्टर अनेकदा दरमहा फी घेतो.

कोर्सला विचारायचे प्रश्न

पहिली चाळणी मान्यतेची. विद्यापीठाला संस्था म्हणून मान्यता हवी आणि नर्सिंगच्या कोर्सला सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन-सीएनईए यांपैकी एकीची वेगळी मान्यता हवी. ‘अर्ज केला आहे’ किंवा ‘उमेदवार दर्जा’ हे शब्द दिसले तर सावध व्हा. तुम्ही पदवी घ्याल तोवर मान्यता मिळालीच नाही तर बोर्ड परीक्षेला बसता येणार नाही. आणि विद्यापीठाच्या पत्रकावर विसंबू नका. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत त्या कोर्सचं नाव स्वतः शोधा.

दुसरी चाळणी तासांची. २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी एनपी कोर्ससाठी थेट रुग्णसेवेचे किमान ७५० तास सांगितले, आधी ते ५०० होते. सिम्युलेशन लॅबमधले तास या ७५० मध्ये येत नाहीत. कोर्स किती तास देतो आणि त्यात बालरुग्ण, स्त्री-आरोग्य आणि वृद्ध यांचे किती, हे विचारा. मुलांचे तास सगळ्यांत अवघड मिळतात.

मग खरा प्रश्न. प्रवेश समुपदेशकाला फोन केला की ‘आम्ही क्लिनिकलमध्ये मदत करतो’ असं गोड उत्तर मिळतं. ‘मदत’ म्हणजे कधी चार वर्षं जुनी दवाखान्यांची यादी असते. म्हणून नेमकं विचारा आणि ईमेलवरच विचारा:

माझ्या पिनकोडपासून पन्नास मैलांच्या आत तुम्ही स्वतः प्रिसेप्टर नेमून देता, की तो मी शोधायचा?
मी शोधायचा असेल आणि मुदतीपर्यंत मिळाला नाही, तर पुढे काय? त्या सेमिस्टरची फी परत मिळते का?
गेल्या वर्षी प्रिसेप्टर न मिळाल्यामुळे किती विद्यार्थ्यांना थांबावं लागलं?
नव्या दवाखान्याशी करार व्हायला तुमच्या ऑफिसला सरासरी किती आठवडे लागतात?
एफएनपी बोर्डात पहिल्याच प्रयत्नात पास होणाऱ्यांचं गेल्या तीन वर्षांचं प्रमाण काय, आणि किती जण परीक्षेला बसले?

शेवटच्या प्रश्नातला ‘किती जण बसले’ हा भाग सोडू नका. शंभर टक्के निकाल, बसले सात, यावरून काही कळत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं तर त्यातच उत्तर आहे. आमचं मत स्पष्ट आहे: प्रिसेप्टर नेमून देणारा कोर्स आठ-दहा हजार डॉलरने महाग असला तरी तोच घ्यावा. अपवाद एकच, ज्या क्लिनिकशी तुमचं आधीच ठरलंय तिथले तास हातात असतील तर.

पैसा

हिशोब क्रेडिटवर चालतो. समजा ४८ क्रेडिट आणि ७०० डॉलर दर, तर ३३,६०० डॉलर फी. त्यावर तास नोंदवायच्या सॉफ्टवेअरची फी, विद्यार्थी म्हणून मालप्रॅक्टिस विमा (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा), पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट, पुस्तकं, कॅम्पसवर दोन-तीन वेळा जावं लागत असेल तर विमान आणि हॉटेल. या यादीत सगळ्यात मोठा खर्च कुणी धरत नाही: क्लिनिकलच्या वर्षात कमी कराव्या लागणाऱ्या शिफ्ट. कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२३ च्या आकड्यांनुसार आर.एन.चा मध्यक वार्षिक पगार ८६,०७० डॉलर होता आणि एनपीचा १,२६,२६०. या फरकात कर्ज किती वर्षांत फिटेल ते कागदावर मांडून बघा.

नोकरीची संस्था शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त देऊ शकते. ते कॅलेंडर वर्षाप्रमाणे मोजलं जातं, त्यामुळे ऑगस्टमध्ये सुरू केलेला तीन वर्षांचा कोर्स चार कॅलेंडर वर्षांत पसरतो आणि चार वेळा लाभ मिळू शकतो. बदल्यात किती काळ नोकरी सोडता येणार नाही, हे वाचून सही करा.

केंद्रीय कर्जाचे नियम बदललेत. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस कर्ज बंद. ग्रॅज्युएट पदवीसाठी वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलर ही मर्यादा आहे. ‘प्रोफेशनल’ पदव्यांची मर्यादा जास्त आहे, पण २०२५ च्या अखेरीस शिक्षण खात्याने पुढे केलेल्या व्याख्येत नर्सिंग नव्हतं. म्हणजे महागड्या कोर्सची सगळी रक्कम सरकारी कर्जातून उभी राहीलच असं नाही. आणि ही कर्जं नागरिक, ग्रीन कार्डधारक अशांनाच मिळतात, एच-४ किंवा एच-१बी वर नाही. कर्जमाफीच्या नर्स कोअर योजनेत डॉक्टर-नर्सेसची टंचाई असलेल्या ठिकाणी दोन वर्षं काम केलं तर नर्सिंगच्या शिल्लक कर्जाचा ६० टक्के हिस्सा फिटतो.

अर्ज

इथे फार सांगण्यासारखं नाही. बी.एस.एन.ला ३.० जीपीए, एक-दोन वर्षांचा आर.एन. अनुभव, संख्याशास्त्राचा एक पेपर, तीन शिफारसपत्रं आणि उद्देशपत्र. जीआरई आता बहुतेकांनी सोडून दिलीय. शिफारसपत्रांपैकी एक तरी तुमच्यासोबत काम केलेल्या एनपीचं असू द्या. उद्देशपत्रात ‘लहानपणापासून सेवेची आवड’ लिहू नका, समितीला ते पाठ आहे. डिस्चार्ज दिल्यावर जो रुग्ण तीन आठवड्यांत पुन्हा भरती झाला त्याला बाहेर काय मिळालं नाही, आणि प्रायमरी केअरमध्ये तुम्ही तिथे काय केलं असतं, हे लिहा.

अभ्यास: तीन पी आणि आठवड्याचे तास

पहिल्या वर्षाचा कणा म्हणजे तीन पी: अ‍ॅडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि फिजिकल असेसमेंट. बऱ्याच कोर्समध्ये बी ग्रेडखाली गेलात तर तो पेपर पुन्हा, आणि दोनदा गेलात तर नाव कमी. पॅथो आणि फार्मा एकाच सेमिस्टरला घेऊन आठवड्याला तीन नाइट करणं, हे पहिल्या वर्षी घसरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. ग्रॅज्युएट क्रेडिटला आठवड्याला साधारण तीन तास धरा, म्हणजे सहा क्रेडिटला अठरा-वीस तास.

फार्मा पाठ करू नका, कोष्टकं करा. प्रत्येक औषधगटासाठी पाच रकाने: पहिली निवड कुणासाठी, सुरुवातीचा डोस, कुणाला द्यायचं नाही, सुरू केल्यावर कोणती तपासणी कधी, आणि रुग्ण कशाची तक्रार घेऊन परत येईल. हेच कोष्टक पुढे क्लिनिकलमध्ये आणि बोर्डाला उपयोगी पडतं.

क्लिनिकल

७५० तास ऐकायला बरे वाटतात. क्लिनिकल तीनच सेमिस्टरमध्ये असेल, प्रत्येकी १४ आठवडे, तर ४२ आठवडे होतात आणि आठवड्याला जवळपास १८ तास पडतात, म्हणजे नऊ-नऊ तासांचे दोन दिवस. जेवणाची सुट्टी मोजली जात नाही. थँक्सगिव्हिंग, प्रिसेप्टरची रजा, बर्फाने बंद क्लिनिक हे सगळं त्यातूनच जातं. म्हणून पहिल्या महिन्यात आठवड्याला दोन तास जास्तीचे जमवा. शेवटच्या पंधरवड्यात चाळीस तास मागे असलेला विद्यार्थी हे दर वर्षीचं दृश्य आहे, आणि तास अपुरे राहिले की कितीही गुण असले तरी ‘अपूर्ण’ शेरा मिळतो.

प्रिसेप्टर स्वतः शोधायचा असेल तर रोटेशनच्या आठ-नऊ महिने आधी सुरुवात करा. मोठ्या हॉस्पिटलच्या मालकीच्या क्लिनिकमध्ये थेट डॉक्टरला विचारून उपयोग नसतो, तिथे विद्यार्थी एका मध्यवर्ती ऑफिसमधूनच घेतले जातात. खासगी दवाखाने, सामुदायिक आरोग्य केंद्रं, कॉलेजांची आरोग्य केंद्रं आणि तुमच्या हॉस्पिटलमधल्या एनपींच्या ओळखी इथे दार उघडतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटलेले एखादे देशपांडे डॉक्टर तयार झाले तर उत्तमच. मात्र ते नातेवाईक नकोत आणि तुमचे स्वतःचे डॉक्टर नकोत, विद्यापीठं सहसा ते मान्य करत नाहीत. तोंडी ‘या हो’ म्हणजे काम झालं नाही. प्रिसेप्टरचं लायसन्स, सीव्ही, आणि दवाखाना-विद्यापीठ करारावर दोन्हीकडच्या सह्या झाल्यावरच पहिला तास मोजला जातो. मोठ्या संस्थांच्या वकिलांकडे हा करार सहज दोन-तीन महिने पडून राहतो. पैसे घेऊन प्रिसेप्टर जुळवून देणाऱ्या कंपन्याही आहेत. आगाऊ रक्कम भरण्याआधी विद्यापीठाला ते चालतं का, आणि जागा रद्द झाली तर पैसे परत मिळतात का, हे बघा.

आरोग्याच्या कागदपत्रांत भारतात वाढलेल्यांना दोन ठिकाणी ठेच लागते. लहानपणी बीसीजी टोचलेलं असल्यामुळे टीबीची कातडीवरची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीच्या एक्स-रेचा फेरा सुरू होतो. सुरुवातीलाच रक्ताची इग्रा टेस्ट मागा. दुसरं, गोवर-कांजिण्यांच्या नोंदी आपल्याकडे क्वचितच जपलेल्या असतात. टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी) करून घ्या. कमी आलं तर एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीच्या) दोन डोसांत किमान २८ दिवसांचं अंतर लागतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात हे उरकत नाही. हिपॅटायटिस बीचं टायटर १० च्या खाली आलं तर पुन्हा डोस आणि पुन्हा टायटर, तेही महिन्यांचं काम.

आता प्रत्यक्ष क्लिनिक. आपल्याकडे शिकलेल्या नर्सला सगळ्यात अवघड जातं ते निदान स्वतः उच्चारणं. माहिती अचूक गोळा होते, वाक्य मात्र ‘डॉक्टर, तुम्ही बघा’ इथे थांबतं. प्रिसेप्टरला नेमकं पुढचंच ऐकायचं असतं. दोन मिनिटांत केस कशी मांडावी याचा हा नमुना:

‘बावन्न वर्षांच्या बाई, बीपीच्या फेरतपासणीला आल्यात. आज १५२/९४, तीन आठवड्यांपूर्वी १४८/९२, घरच्या मशीनवर दोन आठवड्यांची सरासरी १४६/९०. डोकेदुखी नाही, छातीत दुखत नाही, धाप नाही. आठवड्यातून चार दिवस आयबुप्रोफेन घेतात, गुडघ्यासाठी. मधुमेह नाही. पाळी थांबलीय. हृदय, फुप्फुसं, पायांची सूज, सगळं ठीक. गेल्या महिन्यातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम नॉर्मल. माझं निदान प्राथमिक उच्च रक्तदाब, त्यात आयबुप्रोफेनची भर. ते थांबवून अ‍ॅसिटामिनोफेन, लिसिनोप्रिल १० मिलिग्रॅम रोज एकदा, दोन आठवड्यांत पोटॅशियम-क्रिएटिनिन, चार आठवड्यांत परत. कोरडा खोकला आला तर कळवायचं, ओठ-जीभ सुजली तर तडक इमर्जन्सी.’

यात आयबुप्रोफेन विचारायचं राहिलं असतं तर पुढचं सगळं पुस्तकी असून चुकलं असतं. दुकानातून घेतलेल्या गोळ्या, काढे आणि ‘गावाहून आणलेलं औषध’ प्रत्येकाला विचारा. निदान चुकलं तर प्रिसेप्टर दुरुस्त करतो, पण ते मांडलंच नाही तर त्याला दुरुस्त करायला काहीच मिळत नाही.

रोजच्या नोंदी त्याच रात्री भरा. सॉफ्टवेअरमध्ये वय, निदान, तुमचा सहभाग किती हे लिहायचं. रुग्णाचं नाव, जन्मतारीख, फाइल नंबर कधीच नाही. गोपनीयतेच्या या एका चुकीने लोकांचं नाव कोर्समधून कमी झालेलं आहे. रविवारी बसून आठवड्याचे चाळीस रुग्ण आठवून भरणाऱ्यांच्या नोंदींत सगळेच ‘सर्दी-खोकला’ होतात आणि मूल्यमापनाच्या वेळी शिक्षक विचारतात, गर्भवती किती बघितल्या?

बोर्ड परीक्षा

दोन संस्था एफएनपीची परीक्षा घेतात आणि लायसन्ससाठी कोणतीही एक पुरते. एएएनपीसीबीची परीक्षा तीन तासांची, १५० प्रश्न, त्यातले १३५ गुणांचे, जवळजवळ सगळे रुग्णाशी निगडित. एएनसीसीची साडेतीन तासांची, १७५ प्रश्न, त्यातले १५० गुणांचे, आणि त्यात संशोधन, धोरण, व्यावसायिक जबाबदारी हेही येतं. पहिलीत ५०० आणि दुसरीत ३५० हा उत्तीर्णांक. हे आकडे वेगवेगळ्या मोजपट्टीवरचे आहेत, त्यांची तुलना करू नका. क्लिनिकमध्येच काम करायचं असेल तर पहिली सरळ पडते.

शेवटच्या सेमिस्टरपासून रोज पंचवीस प्रश्न, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा: माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, की दोन पर्यायांत गोंधळ झाला. अनुभवी नर्सेस बऱ्याचदा तिसऱ्याच कारणाने चुकतात. हॉस्पिटलमध्ये जे करतो ते उत्तर निवडतात, प्रश्न मात्र क्लिनिकमधल्या पहिल्या पावलाबद्दल असतो. पदवीनंतर दोन-तीन महिन्यांत परीक्षा देऊन टाका. नापास झालात तर एएएनपीसीबीकडे पुन्हा बसण्याआधी कच्च्या विषयांत १५ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं आणि कॅलेंडर वर्षात दोनच प्रयत्न मिळतात. एएनसीसीत ६० दिवस थांबावं लागतं, बारा महिन्यांत तीन प्रयत्न. दोन्हींचं सर्टिफिकेट पाच वर्षांचं.

पास झाल्यावरचे चार महिने

राज्याचं एपीआरएन (प्रगत नर्सचं) लायसन्स, मग एनपीआय नंबर, म्हणजे उपचार करणाऱ्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक, जो फुकट मिळतो, आणि नियंत्रित औषधं लिहायची असतील तर डीईए या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे नोंदणी, तीन वर्षांना ८८८ डॉलर. ती नोकरीची संस्था भरते का विचारा. डीईएसाठी जून २०२३ पासून व्यसनविकारांवरचं ८ तासांचं प्रशिक्षण लागतं. तुमच्या कोर्समध्ये ते झालं असेल तर तसं पत्र पदवी घेतानाच मागून घ्या, नंतर ऑफिसच्या मागे धावण्यात आठवडे जातात. त्यानंतर मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आणि विमा कंपन्यांचं क्रेडेन्शिअलिंग, म्हणजे कागदपत्रं तपासून त्यांच्या यादीत नाव घालणं, त्याला तीन ते चार महिने लागतात. हा काळ धरूनच आर.एन.च्या नोकरीचा राजीनामा द्या.

पहिल्या नोकरीत पगाराच्या आकड्याआधी बघा की पहिल्या महिन्यात दिवसाला किती रुग्ण आणि सहाव्या महिन्यात किती, शंका आली तर बोलायला कोण खोलीपलीकडे असेल, आणि डॉक्टरसोबतचा करार लागत असेल तर त्याची फी कोण भरतो. मालप्रॅक्टिस विमा ‘क्लेम्स-मेड’ प्रकारचा असेल तर नोकरी सोडल्यावरही जुन्या रुग्णांचे दावे तुमच्यावर येऊ शकतात आणि त्यासाठी वेगळा ‘टेल’ विमा लागतो. त्याचा खर्च संस्था करणार की तुम्ही, हे सही करण्याआधी करारातच लिहून घ्या.